आधी घंटी, मग सायकल

त्या घरात कुठलीच मोठी वस्तू सरळ दारातून आत आली नाही. आधी तिचं शेपूट यायचं, आणि वस्तू मागाहून, सवडीने.

भिंगरीला सायकल हवी होती तेव्हा आधी घरात घंटी आली. "मैत्रिणीने दिली," एवढंच ती म्हणाली. घंटी टेबलावर पडून राहिली, येता-जाता वाजत राहिली. घरातल्या कानांना तिची सवय झाली, तेव्हा एके दिवशी तिचे बाबा साळसूदपणे म्हणाले, "नुसत्या घंटीचं करायचं काय?" आणि सायकल आली. सासूबाईंना त्यांच्या खोलीत टीव्ही हवा होता, तर आधी तिथे एक रिकामं स्टूल जाऊन बसलं. मांजराच्या वेळी मात्र डाव फसला. छानपैकी निळी वाटी आली, पण भिंगरीच्या आईने ती उचलून बाल्कनीत नेली, तिच्यात माती भरली आणि एक रोप लावून टाकलं. मांजर काही आलं नाही. सासूबाई अजून त्या रोपाला पाणी घालताना त्याच्याकडे आकसाने बघतात.

आता हे असं का, तर कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. घरच्या बाईला, म्हणजे भिंगरीच्या आईला, टेलरबाईंना, काहीही विचारलं की तोंडातून पहिला शब्द 'नाही' असाच पडायचा. दोष द्यायचा तर धंद्याला द्या. दिवसभर दुकानात लोक यायचे. "बाई, उद्यापर्यंत होईल?" नाही. "एवढ्या कापडात बसेल?" नाही. "ही चेन बदलून मिळेल आत्ता, उभ्या उभ्या?" नाही. टेलर पहिल्या झटक्यात हो म्हणाला की बुडालाच म्हणून समजा. पण गिऱ्हाइकं पक्की होती. त्यांना माहीत होतं की बाईंचा नकार म्हणजे बोलण्याची सुरुवात आहे. ती काउंटरला रेलून उभी राहायची, चार गोष्टी बोलायची आणि काम करून घेऊनच जायची. घरच्यांना मात्र तो शेवट वाटायचा. एकदा नकार ऐकला की तिघंही आपापल्या खोलीत निघून जायची आणि शेपटाच्या तयारीला लागायची.

तर यंदा आधी कानटोप्या आल्या. मग स्वयंपाकघरातलं जुनं कॅलेंडर जाऊन तिथे बर्फाच्या डोंगराचं आलं. मग सासूबाईंनी लोकरीचे हातमोजे विणायला घेतले. ज्या बाईने सुनेच्या बाळंतपणातसुद्धा सुई हातात धरली नव्हती तिने. टेलरबाईंनी हे सगळं बघितलं आणि मनात म्हणाल्या, म्हणजे यांना बर्फात सहलीला जायचंय तर. आणि खरं सांगायचं तर त्यांनाही जायचं होतं. बर्फ त्यांनी कधी पाहिला नव्हता. म्हणून एका संध्याकाळी, कुणी काही विचारायच्या आत, त्यांनीच ताटं मांडता मांडता सांगून टाकलं, "बरं, जाऊ या. सुट्टी लागली की निघू."

त्यांना वाटलं होतं, तिघं उड्या मारतील. भिंगरीने मारलीही. पण उडी मारून झाल्यावर तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी आपल्या आईकडे बघितलं. आणि सासूबाईंनी ताटाकडे बघितलं.

तिथे टेलरबाईंच्या मनात पाल चुकचुकली. सायकल मिळाली तरी ही मंडळी अजून कशाची तरी वाट बघतायत. म्हणजे सहल ही सायकल नव्हतीच. सहल ही घंटी होती.

मग सायकल कुठली?

नवऱ्याचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. गावातल्या अर्ध्या इमारतींच्या लिफ्टा त्याच्या हातून चालायच्या, आणि माणूस असा की दुसऱ्या मजल्यावर जायचं तरी लिफ्टने जाणार. "माझ्याच लिफ्टवर मी विश्वास ठेवला नाही तर लोक कसा ठेवतील?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. असा माणूस अलीकडे जिन्यात दिसायला लागला. फोन कानाला लावून, भिंतीकडे तोंड करून, एकेक पायरी चढतोय उतरतोय. टेलरबाई पिशवी घेऊन वर आल्या की "हो, हो, बाकीचं मग बोलू" म्हणून फोन खिशात.

"कोणाचा होता?"

"कामाचा."

"मग घरात बोल ना. जिन्यात काय ठेवलंय?"

"घरात रेंज येत नाही."

रेंज घरात उत्तम येत होती. सासूबाई स्वयंपाकघरात बसून आपल्या बहिणीशी तासन् तास बोलायच्या, तेव्हा कधी आवाज तुटलेला कुणी ऐकला नव्हता.

दुकानाच्या शेजारी चष्म्याचं दुकान होतं. ते चालवणारी बाई टेलरबाईंची मैत्रीण, आणि लोकांच्या डोळ्यांत बघायचा धंदा असल्यामुळे आपल्याला सगळं दिसतं असा तिचा समज. तिने ऐकताक्षणी निकाल दिला. "नवरा जिन्यात बोलतो म्हणजे बाई आहे."

"त्याला जिना चढायला लावील अशी बाई अजून जन्माला यायचीय," टेलरबाई म्हणाल्या. दोघी हसल्या. पण दुकानात परत आल्यावर त्यांचं हसू मावळलं, कारण बाई नसेल तर काय, हा प्रश्न तसाच उरला होता.

आणि मग एकेक गोष्ट अशी नजरेस पडायला लागली की काही विचारू नका.

राहायची सोय कुठे करायची म्हणून त्यांनी दोन-तीन हॉटेलांची चित्रं बघून ठेवली होती. खिडकीतून डोंगर दिसतोय, सकाळी आयता नाश्ता मिळतोय, असं. नवरा म्हणाला, "हॉटेल नको. माझ्या ओळखीतून दोन खोल्या मिळतायत. स्वयंपाकघर आहे."

"सुट्टीत मी स्वयंपाक करू?"

"मी करीन," तो म्हणाला. यावर काय बोलणार? लग्नापासून या माणसाने चहाच्या पलीकडे काही केलेलं नव्हतं, आणि तोही उतू घालवलेला.

मग बूट. भिंगरीसाठी बर्फातले बूट आणायला बाप-लेक गेले आणि जे घेऊन आले त्यात तिची दोन्ही पावलं एकाच बुटात मावली असती. पुढे कागदाचा बोळा कोंबला होता. "पुढच्या वर्षीही येतील," बाबा म्हणाले. सुट्टीतल्या चार दिवसांसाठी पुढच्या वर्षीचे बूट कोण घेतं?

मग भिंगरी. उत्तरं लिहिता लिहिता मान वर न करता तिने विचारलं, "आई, डोंगरावरच्या शाळांना सुट्टी आपल्यासारखीच असते का गं?" आणि लगेच बाबांकडे चोरून बघितलं.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे सासूबाई. पंख्याच्या वाऱ्यानेही ज्यांचा गुडघा धरतो त्या बर्फात यायला एका पायावर तयार झाल्या, हेच मुळात न पटणारं. त्यात एकदा त्या लेकाला हळूच विचारताना ऐकू आलं, "अरे, तिथे डॉक्टर बारा महिने असतो ना?"

बारा महिने.

टेलरबाई तेव्हा दाराआड इस्त्री करत होत्या. इस्त्री कापडावर तशीच राहिली आणि गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर पिवळी पडली. हे त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं.

उलगडा केला तो एका दोराच्या तुकड्याने. एका संध्याकाळी नवरा घरी आला तो हातात बोटभर जाडीचा पोलादी दोर घेऊन, वीतभर लांबीचा. भिंगरीला जवळ बसवून त्याने तो दाखवला. पाहा, मधे हा गाभा. त्याच्याभोवती या तारा. एक तार तुटली तर दुसऱ्या तिचा भार घेतात, पण तुटलेली तार शोधून काढावी लागते, आणि ती डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना कळते. हा आपल्या लिफ्टचा नाही बरं का. हा रोपवेचा. दरीवरून, वाऱ्यात, बर्फात लटकत असतो, आणि त्याच्या भरवशावर पाळण्यात माणसं बसतात.

टेलरबाई भाजी निवडत ऐकत होत्या. इतक्या वर्षांत लिफ्टबद्दल हा माणूस असा कधी बोलला नव्हता. लिफ्टबद्दल तो बोलायचा ते जांभई देत. आज त्याचे डोळे चमकत होते. त्यांना ते बघून बरं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी निवडायची भाजी हातातच राहिली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बूट, शाळा, डॉक्टर, जिन्यातले फोन. सगळे सुटे धागे आपोआप एकमेकांत विणले गेले. रोपवेवाल्यांनी याला नोकरी देऊ केली आहे. याने ती घेतली आहे. सहल म्हणजे फक्त घर दाखवायला न्यायचं निमित्त. आई फितूर, लेक फितूर. आणि मी? मी बर्फ बघून हरखून जाईन, आणि मग एक दिवस हा म्हणेल, नुसत्या सहलीचं करायचं काय?

"रोपवेला माणसं लागत असतील नाही पुष्कळ?" त्यांनी भाजीकडे बघत विचारलं.

"लागतात की," तो म्हणाला. बस्स. ताकास तूर लागू दिली नाही.

सरळ का नाही विचारलं, असं तुम्ही म्हणाल. तर त्याही याच घरातल्या होत्या. आणि दुसरं म्हणजे, सरळ विचारलं की सरळ उत्तर मिळतं, आणि त्यांना ते नको होतं.

कारण त्यांच्याकडे गमवायला एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे ते दुकान. आधी कितीतरी वर्षं त्यांनी घराच्या कोपऱ्यात, कपाट आणि पलंगाच्या फटीत मशीन ठेवून शिवलं होतं. पाहुणे आले की मशीनवर चादर टाकायची, चिंध्या पलंगाखाली ढकलायच्या, आणि "काही नाही हो, असंच आपलं घरगुती" म्हणत हसायचं. मग रस्त्यावरचा हा गाळा मिळाला. लांबट खोली, पण पुढे मोठी काच. सकाळी उजेड थेट कापायच्या टेबलावर पडतो, काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने शिवायचं तरी दिवा लावावा लागत नाही. दारावर पाटी, पाटीवर त्यांचं नाव. शाळांचे गणवेश, कचेऱ्यांचे कोट, लग्नाआधी सैल करायचे आणि लग्नानंतर पुन्हा सैल करायचे झगे, सगळं तिथे यायचं. त्या काचेआड उभं राहिलं की टेलरबाईंना आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. न बोलता कळायला नको का? इतकी वर्षं एका छताखाली काढली ती काय उगीच?

भिंगरीचा बर्फातला कोट त्या स्वतः शिवत होत्या. जाड लाल लोकरीचं कापड, आत मऊ अस्तर. कापायच्या आधी नवरा मुद्दाम दुकानात येऊन सांगून गेला होता, "आत माया भरपूर ठेव हं. उंचीला, बाहीला, सगळीकडे." शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात, पोर वाढलं की उसवून मोठं करायला, त्याला माया म्हणतात. त्यांनी ठेवलीही होती, चांगली रुंद. ते त्यांना दोराच्या आधी नुसतं विचित्र वाटलं होतं. दोराच्या नंतर त्याचा अर्थ कळला. पोरीने कोट वर्षानुवर्षं घालायचा होता. तिथे.

दुपारची वेळ. दुकानात कुणी नव्हतं. कोट उलटा करून टेबलावर पसरलेला, शिवणींच्या आतली लाल पट्टी ठळक दिसत होती. टेलरबाईंनी मोठी कात्री घेतली.

राग आला होता, खूप आला होता, आणि त्या रागात त्या अगदी नीट कापत गेल्या. बाहीची माया कापली. कुशीची कापली. खालच्या दुमडीची लांबच लांब पट्टी निघाली आणि टेबलावरून खाली लोंबत राहिली. शिवणीला टेकून, जेमतेम टाके धरतील एवढंच कापड त्यांनी ठेवलं. मग कडा पक्क्या केल्या, अस्तर बंद केलं. आता हा कोट या हिवाळ्याचा होता. पुढच्या हिवाळ्याचं कुणी नावही काढायचं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

संध्याकाळी घरी भिंगरीने कोट घातला आणि नावाप्रमाणे गरागरा फिरली. बसला होता मात्र असा की बघत राहावं. सासूबाई म्हणाल्या, "राजकन्या दिसतेय गं माझी." बाबा गुडघ्यावर बसले, कौतुकाने खालची दुमड हातात धरली, आणि त्यांची बोटं थांबली. टेलरच्या नवऱ्याला इतक्या वर्षांत एवढं कळतंच. त्यांनी बाही चाचपली. मग कूस.

"छान झालाय," ते म्हणाले, आणि उठून बाल्कनीत गेले.

टेलरबाई मनात म्हणाल्या, लागला बाण. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. बाल्कनीत तो पाठमोरा उभा होता आणि निळ्या वाटीतल्या रोपाचं एक वाळलेलं पान उगाचच खुडत होता.

दुसऱ्या दिवशी मशीनची मोटार घरघरायला लागली म्हणून त्यांनी त्याला बोलावलं. अबोला असला तरी मोटार मोटारीच्या जागी. तो आला, झाकण उघडलं, "तेल घेऊन येतो" म्हणून बाहेर पडला. फोन टेबलावरच राहिला. आणि वाजला.

लिफ्टवाल्याचा फोन वाजता ठेवत नाहीत. हा त्या घरातला एकच नियम असा होता की त्यात आडवळण नव्हतं. कुणीतरी दोन मजल्यांच्या मधे अडकलेलं असू शकतं, अंधारात, घाबरलेलं. त्यामुळे हाताशी जो असेल त्याने उचलायचा, आणि "घाबरू नका, माणूस निघालाय" म्हणायचं. भिंगरीलाही ते पाठ होतं. टेलरबाईंनी फोन उचलला.

"घाबरू नका, माणूस निघालाय."

पलीकडे कुणीतरी गडगडाटी हसलं. मागे वारा घोंघावत होता. "मी नाही घाबरलो. वहिनी का? बरं झालं, तुमच्याशीच गाठ पडली. मी रोपवेवरून बोलतोय, इथला मुख्य इंजिनिअर. खोल्या साफ करून ठेवल्यात, शेगडी चालू आहे, एवढा निरोप द्या. आणि वहिनी, एक बोलू का? तुम्ही नाही म्हणालात त्याचा आम्हाला राग नाही. तुमचं चांगलं चालतं दुकान आहे, ते सोडून कोण येईल? पण असा हात पुन्हा मिळत नाही हो. बोटांनी दोर वाचतो हा माणूस. जागा अजून रिकामीच आहे आमची. असो. निदान दर हिवाळ्यात तपासणीला येतो म्हणालाय, घरच्यांना घेऊन. तेवढ्यावर आम्ही खूश आहोत."

टेलरबाई खुर्चीत बसल्या. "मी कधी नाही म्हणाले?"

"आँ? उन्हाळ्यातच की. त्याने सांगितलं ना, बायकोला विचारलं, ती नाही म्हणाली."

त्यांनी फोन ठेवला. आधी एकदम हलकं वाटलं, कुणी छातीवरची गरम इस्त्री उचलून घ्यावी तसं. दुकान कुठे जात नव्हतं. सायकल येऊन, दारातूनच परत पाठवली गेली होती, आणि उरली होती ती खरोखरच सहल, दर हिवाळ्याची. म्हणून मोठे बूट. म्हणून माया. मग त्यांना टेबलाखालच्या टोपलीत पडलेली लाल पट्टी दिसली आणि लाज वाटली. सुतावरून स्वर्ग गाठला होता त्यांनी, आणि तोही भलताच.

पण लाज फार टिकली नाही. तिच्यामागून राग आला, आणि तो कालच्यापेक्षा मोठा होता. नकार माझ्या नावावर टाकला. मी न दिलेला. एका परक्या माणसाला माझं दुकान माहीत, माझा नकार माहीत, आणि मलाच माहीत नाही.

नवरा तेलाची डबी घेऊन आत आला, बायकोच्या तोंडाकडे बघितलं, आणि डबी काउंटरवर ठेवली.

"रोपवेचा फोन होता," त्या म्हणाल्या. "खोल्या साफ आहेत. शेगडी चालू आहे. आणि मी नाही म्हणालेय."

त्याने स्टूल ओढलं.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," त्या म्हणाल्या. ते खरं होतं, आणि तेच सगळ्यात जास्त लागलं. "पण म्हणायला तरी द्यायचं होतंस. तो नकार माझा होता. तू कोण तो वापरणारा?"

त्याने काउंटरवरची तेलाची डबी जरा बाजूला सरकवली. मग म्हणाला, "विचारायला आलो होतो. उन्हाळ्यात. इथेच आलो होतो दुकानात. तुझ्यासमोर एक बाई उभ्या होत्या, पडदे घेऊन. त्या अगदी रडकुंडीला आलेल्या, पाहुणे येणार म्हणून. आणि तू मान वर न करता नाही म्हणालीस. मी त्यांच्या मागेच उभा होतो. म्हटलं, यांना नाही तर मला काय हो म्हणणार? गेलो परत."

टेलरबाईंना ते पडदे आठवले. हिरवे, वेलबुट्टीचे. "अरे, ते पडदे मी दुसऱ्या दिवशी दिले त्यांना."

"ते मला काय माहीत? मी निघून गेलो होतो."

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी काचेतून हात केला. दोघांनीही तो बघितला नाही.

"तुला जायचं होतं?" त्यांनी विचारलं.

"सहल कसली, हा तर कामाला निघालाय, असं तुला वाटू नये म्हणून तपासणीचंही बोललो नाही. आईला आणि भिंगरीलाही गप्प राहायला सांगितलं. त्यांना नोकरीचं माहीतच नाही."

"मी ते नाही विचारलं."

तो बोटांवरचं तेल पुसायला लागला. बोटांना तेल नव्हतंच. "होतं," तो म्हणाला. "फार होतं."

टेलरबाई उठल्या. "इथे नको. संध्याकाळी घरी विचार. सगळ्यांसमोर, सरळ."

संध्याकाळी टेबलाभोवती चौघं बसली. त्याने आधी सगळं सांगितलं, उन्हाळ्यापासूनचं. भिंगरीचा आ वासलेला. तिने शाळेच्या सुट्टीचं विचारलं होतं ते फक्त तिथे खेळायला मुलं असतील का म्हणून. सासूबाई आपल्या गुडघ्याचा दरवर्षीचा बंदोबस्त बघत होत्या. त्यांनी लेकाकडे असं बघितलं की, माझ्यापासूनही लपवलंस?

मग तो घसा खाकरून म्हणाला, "तर, आपण कायमचं तिकडे राहायला जायचं का?"

त्या घरात इतका सरळ प्रश्न बहुधा कधीच विचारला गेला नव्हता. टेलरबाईंनी ठरवलं होतं की विचारपूर्वक बोलायचं. पण जिभेची सवय कुठे जाणार?

"नाही," त्या म्हणाल्या.

तो मान हलवून उठला. भिंगरी उठली. सासूबाईंनी चष्मा उचलला. तिघंही आपापल्या खोल्यांकडे वळली, रोजच्यासारखी, न रागावता, न कुरकुरता. टेलरबाई त्या तीन पाठींकडे बघत होत्या. आजवर किती वेळा बघितल्या असतील, पण आत्ता पहिल्यांदा त्यांनी त्या थांबवल्या.

"कुठे निघालात सगळे?" त्या म्हणाल्या. "बसा खाली. माझं बोलून कुठे झालंय? गिऱ्हाईक असतात तर एव्हाना काउंटरला रेलून माझं डोकं खाल्लं असतंत."

तिघं जागच्या जागी थबकली. मग दोघी परतल्या आणि नवराही हळूच येऊन बसला. टेबलावर कोपर टेकवलं, गिऱ्हाइकासारखं. "का नाही?"

"दुकान."

"तिथे थंडी असते. थंडी म्हणजे कोट."

"उजेड कसा आहे तिथे? बर्फाचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणतात. आणि माझी इतक्या वर्षांची माणसं इथे आहेत, त्यांचं काय? त्यांची मापं माझ्या डोक्यात आहेत. तिथे कुणाचं एक माप मला माहीत नाही. मला भीती वाटते, कळलं का? पुन्हा कपाट आणि पलंगाच्या फटीत बसायची." हे बोलून झाल्यावर त्यांनाच नवल वाटलं की ते तोंडातून बाहेर पडलं.

"फट नको," तो म्हणाला. "काचेचा गाळा मिळाला तरच. नाहीतर मीच म्हणेन नाही."

"बघून येऊ आधी. बघितल्याशिवाय मी शब्द देणार नाही." म्हणजे शेवटी सहल घंटी झालीच, आणि ती वाजवली कुणी, तर ज्यांना तिची धास्ती होती त्यांनीच. टेलरबाईंच्या हे लक्षात आलं, पण त्या ते बोलून दाखवायच्या नाहीत. त्या भिंगरीला म्हणाल्या, "तो कोट आण इकडे. त्याला खाली पट्टी जोडावी लागणार आहे. लाल कापड संपलंय, कापलेली पट्टी जोडात अपुरी पडेल, दुसऱ्या रंगाचं लावीन."

"जोड दिसेल," नवरा म्हणाला.

"दिसू दे. कापलंय मी, तर दिसायलाच हवं."

भिंगरी कोट आणायला पळाली. सासूबाई मात्र खुर्चीतच होत्या. त्यांनी सुनेकडे बघितलं, मग बाल्कनीतल्या वाटीकडे, मग पुन्हा सुनेकडे.

"मग ते मांजराचं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही कोपरं टेकवून ऐसपैस बसल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "लहानसं पिल्लू असलं तर?"